विजेचा चौथा घटक आणि आमचें पाठांतर

आमच्या शाळेंत दरवर्षीं पालकांची सभा भरते, आणि त्या सभेंत एक वाद हटकून निघतो. कांहीं पालक म्हणतात, "मास्तर, मुलांना पाठांतराचा हा जाच कशाला? पाढे, सनावळ्या, सूत्रें, सगळें आतां खिशांतल्या फोनांत आहे. त्यांना विचार करायला शिकवा." दुसरे कांहीं म्हणतात, "विचाराचें पुढें पाहतां येईल. पुस्तकांतलें उत्तर जसेंच्या तसें उतरलें म्हणजे गुण मिळतात. तेवढें करून घ्या म्हणजे झालें." दोन्ही पक्षांच्या पोटीं मुलांचें हितच आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु दोघांचीही एक समजूत समान आहे. ती ही कीं, स्मरण निराळें आणि विचार निराळा. एकाची कास धरावयाची तर दुसऱ्यास सोडचिठ्ठी दिली पाहिजे. ही समजूत आम्हांस चुकीची वाटते. तिचें निरसन नुसत्या उपदेशानें करण्यापेक्षां एका लहानशा वस्तूची हकीकत सांगून करावें, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

त्या वस्तूचें नांव मेमरिस्टर. मेमरी म्हणजे स्मरण आणि रेझिस्टर म्हणजे रोधक. या दोन शब्दांच्या जोडणींतून हें नांव झालें. मराठींत आपण तिला स्मृतिरोधक म्हणूं. विजेच्या परिपथांत बसविण्याचा हा एक घटक आहे, आणि त्याचा विशेष असा कीं, आपल्यामधून पूर्वीं वीज किती व कोणत्या दिशेनें गेली, याची आठवण तो ठेवितो.

हा घटक कसा सुचला तें समजण्यासाठीं आधीं त्याच्या तीन वडील भावंडांची ओळख करून घेतली पाहिजे. पहिला रोधक. इस्त्रीच्या पोटांतील जी तार तापते ती रोधकच होय. विजेच्या वाटेंत ती अडथळा करते. दुसरा संधारित्र, म्हणजेच कपॅसिटर. छताच्या पंख्यांत तो असतो, आणि तो विजेचा प्रभार साठवितो. तिसरा प्रवर्तक. तो म्हणजे तारेचें वेटोळें. जुन्या ट्यूबलाइटचा चोक हें त्याचें घरोघरचें उदाहरण. या तिन्ही घटकांचीं नांवें, चिन्हें व सूत्रें विद्यार्थी शाळेंत किंवा पुढें कॉलेजांत पाठ करतात. पिढ्यान् पिढ्या तीं पाठ होत आलीं आहेत.

विजेच्या परिपथांत मुख्य राशी चार: विद्युद्दाब, प्रवाह, प्रभार आणि चुंबकीय अभिवाह. चार मुलांनीं एकमेकांशीं हस्तांदोलन केलें तर एकंदर सहा जोड्या होतात, हें कोणीही लहान मूल मोजून सांगेल. तशाच या चार राशींच्याही जोड्या सहा. त्यांपैकीं दोन जोड्या व्याख्येनेंच बांधलेल्या आहेत: प्रवाह कालमानानें सांचत गेला कीं त्याचा प्रभार होतो, आणि दाब तसाच सांचत गेला कीं त्याचा अभिवाह. उरल्या चार. दाब व प्रवाह यांचें नातें रोधक जोडतो. प्रभार व दाब यांचें नातें संधारित्र जोडतो. अभिवाह व प्रवाह यांचें नातें प्रवर्तक जोडतो. येथवर पांच जोड्या झाल्या. मग सहावी कोठें आहे? प्रभार आणि अभिवाह यांचें नातें जोडणारा घटक कोणता?

हा प्रश्न लिऑन चुआ या शास्त्रज्ञानें विचारला. चुआ हे फिलिपाइन्समध्यें एका चिनी कुटुंबांत १९३६ सालीं जन्मले, मनिला येथें शिकले, आणि पुढें अमेरिकेंत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत प्राध्यापक झाले. १९७१ सालीं त्यांनीं एक निबंध प्रसिद्ध करून प्रतिपादन केलें कीं, परिपथाचा एक चौथा मूळ घटक असला पाहिजे. त्याचे गुणधर्म काय असतील तेंही त्यांनीं गणितानें मांडलें आणि मेमरिस्टर हें नांवही त्यांनींच दिलें. तसा एकही साधा घटक त्या वेळीं कोणाच्या हातीं नव्हता. त्याच्या वागणुकीची नक्कल करणारे परिपथ मात्र चुआ यांनीं ट्रान्झिस्टर इत्यादि सामग्री जुळवून प्रयोगशाळेंत करून दाखविले.

रसायनशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस येथें मेंडेलीव्ह यांची आठवण होईल. १८६९ सालीं त्यांनीं मूलद्रव्यांचें कोष्टक मांडलें, आणि जेथें द्रव्य बसेना तेथें ओढूनताणून कांहीं न बसवितां जागा मोकळी ठेविली. १८७५ सालीं गॅलियम व १८८६ सालीं जर्मेनियम सांपडून त्यांतील दोन जागा भरल्या. चुआ यांचें कोष्टक त्या मानानें किती लहान! चार राशी आणि सहा जोड्या. परंतु मोकळी जागा ओळखण्याची दृष्टि दोघांचीही तीच.

आतां विद्यार्थ्यांनीं एका गोष्टीचा नीट विचार करावा. तीन घटकांचीं सूत्रें जगांतील लाखों लोकांस पाठ होतीं. मग चौथ्याची उणीव इतकीं वर्षें फारशी कोणास कां जाणवली नाहीं? आम्हांस असें वाटतें कीं, बहुतेकांनीं तीं सूत्रें सुटीं सुटीं पाठ केलीं होतीं. पाठ केलेलें शेजारीं शेजारीं मांडून त्याकडे पाहण्याचे कष्ट विरळाच कोणी घेतले. उलट पक्षीं, चुआ यांस तीं सूत्रें मुखोद्गत नसतीं तर तरी ही उणीव दिसली असती काय? मुळींच नाहीं. पूर्ण कोष्टक ज्याच्या डोळ्यांपुढें सदैव उभें आहे त्यासच त्यांतील भोंक दिसतें. फोनांत असलेलें कोष्टक फोनांतच राहतें. तें आपल्याशीं बोलत नाहीं व रात्रीं आपली झोंपही मोडत नाहीं.

चुआ यांचा निबंध प्रसिद्ध झाला खरा, पण चौथा घटक प्रत्यक्षांत दिसावयास सदतीस वर्षें जावीं लागलीं. नवल असें कीं, मधल्या काळांत, किंबहुना त्याच्या आधींपासून, तो अनेकांच्या नजरेसमोर होता. १९६० नंतरच्या दशकांत धातूंच्या ऑक्साइडांच्या अतिशय पातळ पापुद्र्यांवर प्रयोग करणाऱ्यांस त्यांचा रोध विचित्र रीतीनें बदलतांना आढळे. साध्या रोधकाचा दाब-प्रवाहाचा आलेख सरळ रेषेंत येतो, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं स्वतः काढून पाहिलें आहे. या पापुद्र्यांचा आलेख जातांना एका वाटेनें व येतांना दुसऱ्या वाटेनें जाई. पाहणाऱ्यांनीं तें टिपून ठेविलें, पण हा चुआ यांचाच घटक असावा, हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. ज्यांनीं पाहिलें त्यांस कोष्टक आठवलें नाहीं, आणि ज्यांस कोष्टक ठाऊक होतें त्यांनीं हे प्रयोग पाहिले नव्हते.

अखेर अमेरिकेंतील पालो आल्टो येथें ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या प्रयोगशाळेंत हीं दोन टोकें जुळलीं. तेथें स्टॅन्ली विल्यम्स व त्यांचे सहकारी कांहीं सूक्ष्म घटकांवर काम करीत होते आणि त्यांचें वागणें उलगडत नव्हतें. त्यांच्यापैकीं एकानें चुआ यांचा जुना निबंध शोधून काढिला. त्या निबंधाच्या प्रकाशांत पाहतां कोडें सुटलें, आणि मे १९०० नव्हे, तर अगदीं आपल्या काळांत, १ मे २००८ रोजीं 'नेचर' या नियतकालिकांत त्यांनीं हरवलेला घटक सांपडल्याचें जाहीर केलें.

हा घटक बनला होता तो टिटॅनियम डायऑक्साइड या द्रव्याचा. भिंतीला पांढरा रंग देतात त्या रंगांत हेंच द्रव्य असतें. त्याचा कांहीं नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा प्लॅटिनमच्या दोन तारांमध्यें बसविला होता; एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखांवा भाग. त्या पापुद्र्याच्या एका भागांत ऑक्सिजनचे कांहीं अणू मुद्दाम कमी ठेविले होते. जेथें अणू नाहीं अशा त्या रिकाम्या जागा विजेच्या दाबानें एका दिशेस सरकतात. त्या पसरल्या कीं पापुद्र्याचा रोध कमी होतो. दाब उलटा केला कीं त्या माघारीं येतात व रोध वाढतो. आणि दाब काढून घेतला तर त्या जेथल्या तेथें राहतात. पापुद्रा जाड असेल तर हा परिणाम नगण्य होतो, आणि म्हणूनच पूर्वींच्या मोठ्या घटकांत तो लपून राहिला होता.

शेतकऱ्याच्या मुलास हें एका दृष्टांतानें पटकन कळेल. शेतांत एक मातीचा पाट आहे अशी कल्पना करा. पाणी एका बाजूनें सोडलें कीं तो खणला जाऊन रुंद होतो. उलट बाजूनें सोडलें कीं गाळ बसून अरुंद होतो. पाणी बंद केलें तरी पाटाची रुंदी जशीच्या तशी राहते. दुसऱ्या दिवशीं पाटाकडे नुसतें पाहिलें तरी आदल्या दिवशीं पाणी कसें वाहिलें तें सांगतां येतें. स्मृतिरोधकाची आठवण ही अशी आहे. ती वहींत लिहून ठेविलेली नसते. त्याच्या अंगांतच घडलेली असते.

या शोधावर सर्वांचें एकमत झालें असें मात्र नाहीं. चुआ यांच्या मूळ कल्पनेंत चुंबकीय अभिवाहास जें स्थान आहे तें या घटकांत दिसत नाहीं, तेव्हां खरा मेमरिस्टर अद्याप सांपडलाच नाहीं, असें प्रतिपादन करणारा एक निबंध २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. चुआ यांचें म्हणणें याहून व्यापक आहे. ज्याचा आलेख अशा विशिष्ट रीतीनें गांठ घेऊन आरंभबिंदूंतून जातो तो घटक याच कुळांतला, असें ते मानितात. हा वाद आम्ही मुद्दाम सांगत आहों. विज्ञान म्हणजे पाठ्यपुस्तकांतील चौकटींत छापलेला अंतिम निकाल, असा विद्यार्थ्यांचा समज होतो; तो दूर व्हावा हें बरें.

आपल्या देशाचाही या कथेशीं संबंध आहे. बिनतारी संदेशाच्या आरंभकाळीं कोहीरर नांवाचें एक साधन वापरीत. कांचेच्या नळींत धातूचा कीस असे. विद्युत्तरंग आला कीं त्याचा रोध एकदम उतरे आणि नळीला टिचकी मारीपर्यंत तसाच राही. कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं या साधनावर पुष्कळ संशोधन केलें होतें. असें साधन हाही एक स्मृतिरोधकच होय, असें दाखविणारा निबंध २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत भारतीय संशोधक व स्वतः चुआ हे होते. बोस यांस विज्ञानाची गोडी लावणारे गुरु म्हणजे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजांतील फादर लाफों. हे मिशनरी गृहस्थ नुसतें पुस्तक वाचून न दाखवितां उपकरणें मांडून प्रयोगानिशीं शिकवीत. आमच्यासारख्या शाळांनीं हा वारसा आठवावा असाच आहे. आजही कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांत स्मृतिरोधकावर संशोधन चालतें, आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं २०२४ सालीं १६,००० हून अधिक निरनिराळ्या पायऱ्यांवर रोध स्थिर ठेवणारा घटक करून दाखविला.

या घटकाचा एवढा ध्यास शास्त्रज्ञांनीं कां घ्यावा? याचें उत्तरच आमच्या मूळ वादाशीं येऊन भिडतें. आजच्या संगणकाची रचना मुख्यतः १९४५ च्या सुमारास ठरलेल्या धोरणावर चालते. त्यांत स्मृतीचें कोठार एकीकडे आणि हिशेब करणारें यंत्र दुसरीकडे असतें. प्रत्येक आंकडा कोठारांतून आणावा, त्यावर हिशेब करावा, आणि उत्तर पुनः कोठारांत नेऊन ठेवावें. यंत्र कितीही चपळ झालें तरी या हेलपाट्यांत वेळ जातो व वीजही पुष्कळ खर्च होते. मनुष्याच्या मेंदूस साधारण वीस वॅट शक्ति पुरते, कारण तेथें स्मरण आणि विचार यांचीं घरें अशीं वेगवेगळीं नाहींत.

स्मृतिरोधक हें अंतर मिटवूं पाहतो. खिडकीच्या जाळीप्रमाणें उभ्याआडव्या तारा घालून प्रत्येक छेदावर एक स्मृतिरोधक बसवितात. आडव्या तारांवर दाब दिला कीं प्रत्येक छेदांतून ओमच्या नियमाप्रमाणें प्रवाह वाहतो. म्हणजे दाब आणि त्या घटकाची वाहकता यांचा गुणाकार आपोआप होतो. उभ्या तारेंत हे सर्व प्रवाह एकत्र येतात; म्हणजे किर्खॉफच्या नियमानें बेरीजही आपोआप होते. जेथें आंकडा आठवणींत आहे तेथेंच त्याचा हिशेब होतो. ओमचा नियम १८२७ चा आणि किर्खॉफचा १८४५ चा. आमचे विद्यार्थी ज्यांस परीक्षेपुरते समजतात त्याच जुन्या नियमांवर उद्यांचा संगणक उभा राहूं पाहत आहे.

मात्र या बाबतींत अतिशयोक्ति होऊं नये. एक घटक दुसऱ्यासारखा तंतोतंत वागत नाहीं, ही अडचण मोठी आहे. २०१० सालीं दोन मोठ्या कंपन्यांनीं या तत्त्वावरील स्मृति तीन वर्षांत बाजारांत आणण्याचा बेत जाहीर केला होता. तो ठरल्याप्रमाणें पार पडला नाहीं. या जातीच्या स्मृतीचा उपयोग कांहीं लहान चिपांत होऊं लागला आहे. परंतु आपल्या फोनांतील साठवण अद्याप निराळ्याच तत्त्वावर चालते.

आतां पालकांच्या सभेकडे वळूं. आमच्या मतें आजच्या विद्यार्थ्याची रचना जुन्या संगणकासारखी होत चालली आहे. पाठ केलेलें एका कोठारांत आणि विचार दुसऱ्या खोलींत. एका वर्गांत आम्हीं ओमचा नियम विचारला. एका मुलानें तो एका दमांत, एकही शब्द न चुकतां म्हणून दाखविला. मग आम्हीं विचारलें, "दाब तोच ठेवून रोध दुप्पट केला तर दिवा जास्त उजळेल कीं मंद होईल?" तो मुलगा गप्प उभा राहिला. नियम त्याच्याजवळ होता. पण तो दिव्यापर्यंत पोहोंचला नव्हता. यांत दोष त्या मुलाचा नाहीं. आयतीं टिपणें लिहून देणारे आम्ही शिक्षक आणि तेवढ्यावर संतुष्ट राहणारे पालक, दोघेही त्याचे वांटेकरी आहों.

जे म्हणतात पाठांतर टाका, त्यांस आमचें सांगणें हें कीं, रिकाम्या डोक्यांत प्रश्न उगवत नाहींत. चुआ यांचा प्रश्न तीन घटक पक्के ठाऊक असल्यामुळेंच निघाला. जे म्हणतात पाठांतर पुरे, त्यांस आमचें सांगणें हें कीं, लाखों लोकांस तेच तीन घटक पाठ होते आणि त्यांतून कांहींही निघालें नाहीं. परीक्षेचे गुण आम्ही तुच्छ मानीत नाहीं. गरीब घरच्या मुलास त्यांच्याच आधारें पुढची वाट मिळते हें आम्ही जाणतों. परंतु जेथें पाठ केलें तेथेंच तें वापरण्याची संवय लागली तर गुण कमी होतील, ही भीति निराधार आहे. समजलेलें विसरत नाहीं, आणि प्रश्न फिरवून आला तरी मूल गोंधळत नाहीं.

म्हणून आमची विनंति अगदीं साधी आहे. शिक्षकांनीं प्रत्येक सूत्राबरोबर त्याच दिवशीं एक तरी प्रयोग किंवा उदाहरण मुलांच्या हातून करवावें, आणि धड्याच्या शेवटीं विचारावें, "या कोष्टकांत कांहीं राहून गेलें आहे असें कोणास वाटतें काय?" पालकांनीं संध्याकाळीं "किती गुण पडले?" याच्या जोडीस "आज वर्गांत काय विचारलेंस?" हेंही विचारावें. उत्तर स्वतःस येत नसेल तर तसें मुलास मोकळेपणानें सांगावें. त्यांत कमीपणा नाहीं.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांस एक शेवटची गोष्ट सांगतों. धन्यानें दिलेलें धन जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टांत तुम्हीं प्रार्थनेच्या वेळीं ऐकला आहे. त्यानें धन गमावलें नाहीं, उधळलें नाहीं. तरी तो दोषी ठरला, कारण त्यानें त्याचा उपयोग केला नाहीं. पाठ केलेली विद्या पुरून ठेवूं नका. ती मांडा, जोडून पाहा, आणि जेथें जागा मोकळी दिसेल तेथें बोट ठेवून विचारा. उत्तर मिळण्यास सदतीस वर्षें लागलीं तरी चालतील. पण प्रश्न आजच विचारला पाहिजे.